मादाम दु कुद्रे : सुईणींची गुरुमाता



नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना या रविवारी एका फ्रेंच सुईणीची ओळख करून द्यावी, असे आम्हांला वाटले. आंजेलिक मार्गेरीत दु कुद्रे हे तिचे नाव. तत्त्वज्ञान शिकताना सॉक्रेटिसची आई सुईण होती एवढे आम्ही पाठ केले होते; पण सुईण घडते कशी, याचा विचार या बाईंमुळे करावासा वाटला.

अनुभवी सुईणीच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करून १७४० साली पॅरिसमध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे शल्यचिकित्सकांनी सुईणींना शिक्षणाची दारे बंद केली, तेव्हा १७४५ साली इतर सुईणींबरोबर त्यांनीही तक्रारअर्जावर सही केली. नंतर त्या ओव्हेर्न्य प्रांतात गेल्या. तिथल्या खेड्यांत बाळंतपणे अडाणी हातांनी होत. बाळ अडले की ओढाओढ होई, आणि आई किंवा बाळ, कधी दोघेही, हातचे जात.

शिकवावे तर बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. तोंडी सांगितलेले ऐनवेळी आठवत नसे. म्हणून बाईंनी कापड, कातडे आणि कापूस यांचे एक 'यंत्र' शिवले : खऱ्या मापाचे स्त्रीचे कटिर व पोट, आणि त्यात खऱ्या बाळाएवढी बाहुली. बाहुलीला नाक, कान आणि जीभसुद्धा होती. कारण बाळ पायाळू आले तर त्याच्या तोंडात बोट घालून डोके कसे सोडवायचे, हे हाताला कळायला हवे. असे एक यंत्र रुआँ शहरातील संग्रहालयात जपून ठेवले आहे. क्ष-किरणांनी तपासल्यावर त्याच्या आत खऱ्या स्त्रीची हाडे आढळली.

आमच्या मते या यंत्राचा मोठा गुण हा, की विद्यार्थिनीला चुकण्याची मुभा मिळाली. कापडाचे बाळ दहा वेळा चुकीचे धरले तरी कोणाच्या घरी रडारड होत नाही.

१७५९ साली पंधराव्या लुई राजाने त्यांना देशभर शिकवण्याची सनद दिली. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. मरणाच्या दारी असलेल्या बाळाला बाप्तिस्मा देण्याविषयीही त्यात सूचना आहेत, कारण ती वेळ प्रथम सुईणीवरच येई. सुमारे पंचवीस वर्षे बाई शहरोशहरी फिरल्या. वर्ग भरणार असल्याची घोषणा गावोगावच्या चर्चमध्ये होई, आणि कोणत्या बाईला पाठवावे हे बहुधा धर्मगुरूच सुचवीत. (आमच्या घोषणांना कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!)

वर्ग साधारण दोन महिन्यांचा. मग दाखला हाती येई, आणि खरी कसोटी तिथेच सुरू होई. मुलगी गावी परतली की तिच्यासमोर असे ती म्हातारी, जिच्या हातून निम्मे गाव जन्मलेले. कालच्या पोरीला कोण बोलावणार? आणि बोलावले, तर रात्री त्या खोलीत शेजारी बाई नाहीत, मैत्रिणी नाहीत. समोर कळा देणारी बाई आणि दारात तिची सासू.

ही अडचण बाईंनी ओळखली होती. शिकवून त्या नुसत्या निघून जात नसत. यंत्र त्या शहरासाठी विकत घ्यायला लावीत, आणि तिथल्या शल्यचिकित्सकांना ते वापरून शिकवायला तयार करीत, म्हणजे त्या पुढच्या गावी गेल्या तरी वर्ग चालू राहत. १७६९ च्या आवृत्तीत त्यांनी रंगीत चित्रे घातली. वाचता न येणाऱ्या सुईणीलाही बाळाची स्थिती चित्रात पाहून मनाशी ताडता येई. एवढ्यानेही म्हातारीवरचा गावाचा विश्वास लगेच हलला नाही; ते काम एकेका सुखरूप बाळंतपणानेच होणार होते.

सुमारे पाच हजार बायका त्यांच्या हाताखाली शिकल्या. त्यांच्यातली एक त्यांनी भाची म्हणून सांभाळलेली मार्गेरीत. ती प्रवासात बरोबर असे, आधी शिकली, मग शिकवू लागली. पुढे बोर्दो शहरात प्रसूतिशिक्षणाचे काम तिनेच पतीसह सांभाळले. क्रांतीच्या धामधुमीत, १७९४ च्या एप्रिलमध्ये, मादाम दु कुद्रे त्याच शहरात वारल्या. मार्गेरीतचा वर्ग पुढेही चालू राहिला.