तेनसिंग नोर्गे : शिखर आणि माघार

२९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या शिखरावर पाऊल ठेवले. जगातील सर्वोच्च शिखर मानवाने प्रथमच जिंकले होते. या विजयाची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी तेनसिंग सहा मोहिमांत याच पर्वतावरून शिखर न गाठता परतले होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ साली एका गरीब शेर्पा कुटुंबात झाला. एव्हरेस्टच्या परिसरात याक चारण्यात त्यांचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. १९३२ च्या अखेरीस ते दार्जिलिंगला आले. हिमालयात जाणाऱ्या मोहिमांसाठी तेथून भारवाहक निवडले जात. १९३५ साली एका ब्रिटिश मोहिमेत त्यांची निवड झाली आणि पाठीवर ओझे वाहत त्यांच्या गिर्यारोहणाचा आरंभ झाला. त्यांना अनेक भाषा बोलता येत. लिहिता-वाचता मात्र येत नव्हते. तरीही बर्फाचा रंग, वाऱ्याची दिशा, ढगांची चाल यांवरून पर्वताचा कल ओळखण्यात ते निष्णात झाले.

या जाणतेपणाची कठोर परीक्षा १९५० च्या हिवाळ्यात झाली. हिवाळ्यातील बर्फाचा अभ्यास करण्यासाठी तीन तरुण ब्रिटिश गिर्यारोहक हिमालयाच्या पश्चिम टोकावरील नंगा पर्बत येथे गेले. तेनसिंग आणि त्यांचे शेर्पा सहकारी त्यांच्यासोबत होते. याच पर्वतावर १९३७ साली हिमलोटाखाली सोळा जण गाडले गेले होते. थंडीत दिवस लहान असतो, ताजा बर्फ खोल व भुसभुशीत असतो आणि वादळात परतीची वाट पुसली जाते. हे ओळखून शेर्पांनी आणखी वर जाण्यास नकार दिला. मजुरीवर पोट असणाऱ्या माणसांनी असा नकार देणे सोपे नव्हते. ब्रिटिश गिर्यारोहक मात्र पुढे गेले. त्यांपैकी एक जण पाय बधिर झाल्याने परतला. उरलेले दोघे, थॉर्नली आणि क्रेस, वरच राहिले. एके सकाळी खालून पाहिले असता त्यांचा तंबू दिसेनासा झाला होता. शोध घेण्याचा प्रयत्न झाला. पण खोल बर्फामुळे तो सोडून द्यावा लागला. त्या शिखरावर भर हिवाळ्यात मानवाचे पाऊल पडले ते थेट २०१६ साली.

१९५२ च्या वसंत ऋतूत स्विस मोहिमेबरोबर तेनसिंग एव्हरेस्टवर गेले. रेमंड लॅम्बर्ट या स्विस गिर्यारोहकासह त्यांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र काढली. झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून त्यांनी घसा ओला केला. दुसऱ्या दिवशी ते ८,५९५ मीटरपर्यंत पोहोचले. शिखर अवघे अडीचशे मीटर उरले होते. परंतु अंगात परतण्यापुरतेच बळ शिल्लक होते. दोघांनी माघार घेतली.

त्याच वर्षी शरद ऋतूत स्विस पथक पुन्हा आले. या खेपेस हिवाळा आडवा आला. हिवाळ्यात आकाशातील अतिवेगवान वाऱ्यांचा पट्टा हिमालयाच्या माथ्यावर येतो. अशा वाऱ्यात अंगाची ऊब क्षणात उडून जाते, बोटे बधिर होतात आणि हिमदंश होतो. उघड्या धारेवर तर आडोसाही नसतो. या मोहिमेत बर्फाचे तुकडे कोसळून मिंग्मा दोर्जे हा शेर्पा मृत्युमुखी पडला. नोव्हेंबरमध्ये दक्षिण खिंडीच्या थोडे वर गेल्यावर तेनसिंग आणि त्यांचे सोबती वाऱ्यापुढे थांबले आणि परतले. मे महिन्यात त्यांनी याहून पाचशे मीटर अधिक उंची गाठली होती. तरी त्यांनी हट्ट धरला नाही.

या अनुभवाचे मोल १९५३ साली कळले. जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेत, हिलरी बर्फाच्या भेगेत कोसळत असताना तेनसिंग यांनी हिमकुऱ्हाड रोवून दोर आवळला आणि त्यांचे प्राण वाचवले. शेवटच्या छावणीत हिलरींनी काढून ठेवलेले बूट रात्रीतून गोठून दगडासारखे झाले. ते स्टोव्हवर मऊ करण्यात सकाळचा मोलाचा वेळ गेला. तेनसिंग यांनी बूट पायांतच ठेवले होते. शिखरावर ते सुमारे पंधरा मिनिटेच थांबले, कारण प्राणवायूचा साठा मोजका होता आणि उतरणे अजून बाकी होते. तेनसिंग यांच्या गळ्यात लॅम्बर्ट यांनी दिलेला लाल स्कार्फ होता. आदल्या वर्षी माघारी फिरलेल्या मित्राची ती आठवण होती.

पुढे १९५४ साली दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. तेनसिंग तिचे पहिले क्षेत्रीय प्रशिक्षण संचालक झाले. एकेकाळी ओझी वाहणारा निरक्षर तरुण आता गुरू झाला होता. १९७६ पर्यंत त्यांनी या संस्थेची सेवा केली. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले.

तेनसिंग सातव्या मोहिमेत शिखरावर पोहोचू शकले, कारण आधीच्या सहाही मोहिमांतून ते जिवंत परतले होते. साहसाला विवेकाची जोड असावी, ही शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते.