रंगविलेल्या पडद्यापासून चंदेरी पडद्यापर्यंत : बाबूराव पेंटर

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असे मुक्काम करीत फिरणाऱ्या नाटक मंडळ्या आपल्याबरोबर अख्खी सृष्टी गुंडाळून नेत असत. एक पडदा दरबाराचा, एक अरण्याचा, एक रस्त्याचा. हा पडदा वर गेला की टाळी पडायची ती नटाला; रंगाऱ्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असे. या अनामिकांच्या व्यवसायातून ज्यांचे नाव घरोघर पोहोचले, ते कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. धंदाच पुढे त्यांचे आडनाव झाला आणि मेस्त्रींचे ते ‘पेंटर’ झाले.

त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, चित्रकला आणि मूर्तिकाम यांत सारखेच तरबेज होते. कलाशाळेची पायरी न चढता बाबूराव शिकले ते या घरात. लाकूड, लोखंड, माती आणि रंग यांच्यात भिंती असतात, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेच नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला येथेच सापडते.

नात्याने बंधू असलेले आनंदराव हे त्यांचे जोडीदार. १९१० ते १९१६ या वर्षांत या जोडीने मराठी नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीसाठी कित्येक पडदे रंगविले. १९०८ साली हुबळीत स्थापन झालेल्या केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शचाही त्यांत समावेश होता. सपाट कापडावर खोली उभी करण्याचे, दूरच्या कमानी दूर आणि जवळचे खांब जवळ भासविण्याचे कौशल्य त्यांनी येथे कमावले. पण चांगला कारागीर आपल्या यशालाच कंटाळतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, आणि हलणाऱ्या चित्रापुढे स्थिर पडदा या दोघांना अपुरा वाटू लागला.

चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि परदेशी कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. मग तो घरीच करायचे ठरले. हे धाडस किती मोठे होते, हे आज चटकन ध्यानात येत नाही. मूकपटाच्या कॅमेऱ्यात फीत सलग सरकत नाही. सेकंदाला सुमारे सोळा वेळा ती थांबते, त्या क्षणी झडप उघडून प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि मगच फीत पुढे जाते. थांबणे आणि उघडणे यांचा मेळ जरा चुकला की चित्र पुसट होते. दोघांनी जुने प्रक्षेपणयंत्र मिळविले, चित्रपट दाखवीत ते न्याहाळले आणि त्याची रचना समजून घेतली. १९१६ मध्ये काम अर्धवट असतानाच आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते हाती धरले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार केला.

तोवर ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ची उभारणी सुरू झाली होती. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या आणि छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला. १९२० साली पुण्यात ‘सैरंध्री’ झळकला. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात येथे स्त्रियांनीच त्या केल्या होत्या. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटे की प्रेक्षक हादरून जात, आणि सेन्सॉरने ते कापायला लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

चित्रीकरणापूर्वी प्रत्येक पात्राची वेशभूषा आणि हालचाल ते कागदावर रेखाटून ठेवीत. पुढे रंगविलेल्या पडद्यांच्या जागी त्यांनी भरीव, तीन परिमाणांचे देखावे उभे केले. ज्या विद्येवर नाव मिळविले, तीच त्यांनी अशी बाजूला सारली. त्या काळच्या फितीला तांबडा रंग काळा दिसे आणि निळा जवळजवळ पांढरा. रंगांत मुरलेल्या माणसाला छायांत विचार करण्याची सवय नव्याने लावावी लागणार होती. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची भित्तिचित्रे ते स्वतः रंगवीत आणि प्रेक्षकांसाठी माहितीपुस्तिकाही छापीत.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ हे या प्रवासाचे टोक म्हणावे लागेल. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात देव नव्हते, राजे नव्हते. जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी होता. ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी पाठ फिरविली. जाणकारांनी मात्र त्याला भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानले.

नवे कोडे सोडविण्यात रमणाऱ्या माणसाला जमाखर्चात गोडी नसते, आणि कंपनी जमाखर्चावर चालते. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे सारे त्यांच्याच हाताखाली घडले; १९२९ मध्ये ते बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ काढली. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ फार काळ टिकली नाही. शिष्यांना मिळालेले वैभव गुरूच्या वाट्याला आले नाही, आणि ही खंत सांगताना मराठी लेखक सहसा हळहळतात. मला ती हळहळ अर्धीच पटते. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला. पडलेल्या चित्रपटाकडे दुसऱ्यांदा वळणारा माणूस केवळ गल्ल्यासाठी काम करीत नसतो. १९४७ मध्ये शांतारामांच्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी त्यांनी शिष्याच्या संस्थेत दिग्दर्शन केले. मधल्या काळात कुंचला आणि मूर्तिकाम होतेच. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिचित्र मात्र उरले आहे. भारतीय चित्रपटांच्या सचित्र जाहिरातींपैकी ते सर्वांत जुने उपलब्ध चित्र मानले जाते.