पंडिता रमाबाई : परदेशातील दिवस

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम मजकडे आले तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, की जिने आपला धर्म सोडला तिचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर माझ्या अल्प मतीप्रमाणे देण्याचा यत्न म्हणजेच हा लेख होय.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन कुळातील व्युत्पन्न पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याच्या हट्टापायी त्यांनी लोकांचा रोष पत्करला व पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले. त्या माउलीने पुढे कन्येला शिकविले. तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत राहिले. दुष्काळाने गाठले तेव्हा आई, वडील व थोरली बहीण ही तिन्ही माणसे गेली. उरली ती रमा व तिचा बंधू श्रीनिवास. ही दोघे 1878 साली कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले.

परंतु दैवाची परीक्षा संपली नव्हती. 1880 साली बंधू वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1881 साली मनोरमा ही कन्या झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने ओढून नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत ही विदुषी पोरकी, बंधुहीन व विधवा झाली. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्यांनी विलायतेच्या प्रवासाची तजवीज केली. वैद्यकशास्त्र शिकून स्वदेशातील भगिनींची सेवा करावी, हा त्यांचा हेतू होता.

1883 च्या वसंतात दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या जहाजावर चढल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. वाँटेज या लहान गावी सेंट मेरी मठातील जोगिणींनी त्यांना आश्रय दिला. या मठाची पुण्यासही शाखा होती, त्यामुळे ओळख आधीची. इंग्लंडच्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी पत्ररूपाने स्वदेशी पाठविला व तो त्याच वर्षी छापून निघाला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करू या. आपल्या पावसचा मुलगा मुंबईस नोकरीला गेला तरी गणपतीच्या ओढीने परत येतो. त्याला घर आठवते म्हणजे अंगण आठवते, माड आठवतात, आईच्या हातची पेज आठवते. रमाबाईंना आठवावे असे अंगणच नव्हते. त्यांचे घर म्हणजे त्यांची माणसे, आणि ती सारी काळाने नेली होती. त्यांचा परदेशवास म्हणूनच आपल्या मुलांच्या परदेशवासाहून अधिक कठीण होता, असे मला वाटते.

त्यात दोन आघात झाले. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. ज्या कार्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. दुसरा आघात याहून दारुण. विलायतेस जाऊन वर्षही लोटले नव्हते तोच आनंदीबाई भगत यांनी आपल्याच हाताने जीवनाचा अंत करून घेतला. परक्या मुलखात मायबोलीत बोलणारे जे एकमेव प्रौढ माणूस जवळ होते, तेही गेले.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी व लहानग्या मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. बातमी महाराष्ट्रात येताच मोठा गहजब झाला. एकाकी बाईला परक्यांनी भुलविले, असे पुष्कळांनी म्हटले. मलाही विद्यार्थिदशेत तसेच वाटत असे. परंतु सारे वृत्त पाहता ते मत टिकत नाही. पतीच्या हयातीत, सिल्चर येथेच, त्यांनी बंगाली भाषेतील शुभवर्तमान वाचले होते. पुण्यास नीलकंठशास्त्री गोरे या काशीत वाढलेल्या पंडिताशी त्यांची धर्मचर्चा होत असे. शास्त्रीबुवा आपल्यापैकीच, आणि ते 1848 सालीच ख्रिस्ती झाले होते. विलायतेतही त्यांची पत्रे रमाबाईंस जात. म्हणजे विचार जुना होता. एकाकीपणाने त्यास धार आली इतकेच.

निर्णायक ठरली ती मात्र एक भेट. लंडनच्या फुलहॅम भागात मठाच्या जोगिणी वाट चुकलेल्या स्त्रियांचे आश्रमगृह चालवीत. समाजाने टाकलेल्या त्या स्त्रियांना तेथे मायेने वागविलेले रमाबाईंनी पाहिले. हे लोक असे का वागतात, या त्यांच्या प्रश्नास उत्तर म्हणून एका जोगिणीने ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. ज्या विधवेने स्वदेशी विधवांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते, तिच्या अंतःकरणास ती कथा भिडली यात नवल काय!

दिलासा मिळाला, पण त्यासाठी त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. 1884 ते 1886 या काळात चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या व संस्कृत शिकवीत राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी आपल्या गुरुमाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आपली संस्कृत का नको, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही.

याच 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेत गेल्या. त्याही घराच्या आठवणीने कष्टी होत. पण त्या अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास त्यांचा पदवीदान समारंभ झाला, तेव्हा रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून त्यासाठी गेल्या. दोघींच्या वाटा निराळ्या, परंतु एकीच्या यशाचा दुसरीस अभिमान वाटला. ज्ञातीने त्या दिवशी जे शिकावयास हवे होते ते या दोघींनी आचरून दाखविले.

1889 साली रमाबाई परतल्या आणि 11 मार्च रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या कोकणातल्याच. 1893 साली त्यांचा विवाह मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी झाला. त्याच वर्षी सदनात धर्मांतर होते या आरोपावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांची शंका अगदीच निराधार नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रमाबाईंच्या प्रार्थनेचे दार मुलींस उघडे असे. पुढे केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळातून आणलेल्या स्त्रिया व मुली मिळून 1900 च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. 1921 साली मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. गतवर्षी एक पालक चिंतातुर होऊन मजकडे आले. त्यांचा मुलगा परदेशी शिकतो. रविवारी तो तेथल्या चर्चमध्ये जाऊन बसतो, कारण तेथे कोणीतरी नाव घेऊन विचारपूस करते. त्याला काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, रागाचे पत्र लिहू नका. दर आठवड्यास पत्र मात्र अवश्य लिहा. आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी माणसे येतात ती मनास विसावा मिळावा म्हणूनच. तो विसावा परमुलखात कोणाला कोठे मिळेल, हे आपण येथे बसून ठरवू शकत नाही. आपल्या माणसाला एकटे न टाकणे एवढे मात्र आपल्या हाती आहे. रमाबाईंच्या दुःखकाळात ज्ञातीने ते केले नाही. ती चूक पुन्हा न व्हावी, म्हणून हे चरित्र येथे दिले आहे.