पंडित सातवळेकर : शंभर वर्षांची साधना

योग म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे सतरंजी, शीर्षासन आणि २१ जूनचा कार्यक्रम उभा राहतो. शरीर लवचीक झाले, वजन उतरले की साधना सफल झाली, असा हिशेब आपण मांडतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर वहीतील एकच खाते पाहून आपण संपूर्ण ताळेबंद तयार करतो. व्यायाम, आहार आणि तत्त्वचिंतन ही तिन्ही खाती ज्यांनी आयुष्यभर एकाच वहीत सांभाळली, त्या पुरुषाचा आपल्या जामबागेशी निकटचा संबंध आहे. येथील विवेकवर्धिनी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, हेच ते.

पंडितजींचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे झाला. घरात पिढीजात वेदपठण होते. पण त्यांचा हात वळला चित्रकलेकडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले आणि मेयो पदक मिळवले. १९०० च्या सुमारास ते हैदराबादेस आले व चित्रकार म्हणून त्यांनी येथे जम बसवला. सरदार-श्रीमंतांच्या या शहरात कुशल चित्रकाराला तोटा नव्हता. घर चालत होते, नाव होत होते. एवढ्यावर समाधान मानले असते तर त्यांचे चरित्र लिहिण्याचे कारणच पडले नसते.

निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा असली तरी राज्यकारभार उर्दूत चाले. अशा काळात केशवराव कोरटकर आदी मंडळींसह त्यांनी १९०७ साली विवेकवर्धिनीचा पाया घातला. त्याच सुमारास त्यांचा वेदाभ्यास नव्या दृष्टीने सुरू झाला होता. अथर्ववेदातील पृथ्वीसूक्तावर त्यांनी ‘वैदिक राष्ट्रगीत’ लिहिले. मातृभूमीविषयीचे ते प्राचीन सूक्त वाचून इंग्रज सरकार अस्वस्थ झाले आणि पुस्तक जप्त झाले. रेसिडेन्सी तर इथेच, कोठीला! हैदराबादेत राहणे कठीण झाल्यावर पंडितजींनी बसलेली घडी मोडली आणि हरिद्वारचे गुरुकुल गाठले. पुढे १९०८ साली कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर त्यांचा लेख आला. त्यावरून संपादक प्रा. विजापूरकर यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि पंडितजींनाही अटक झाली. त्यानंतर लाहोरला त्यांनी पुन्हा कुंचला हाती धरून संसार उभा केला.

१९१८ साली ते औंधला आले तेव्हा त्यांचे वय पन्नाशी ओलांडून गेले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार नित्याचे झाले होते. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे वाचून आनंद वाटेल की विजापूरकडील गुणदाळ हा भागही याच संस्थानात होता. औंधला पंडितजींनी ‘स्वाध्याय मंडळ’ चालवले. वेदांच्या शुद्ध संहिता छापल्या, हिंदीत ‘वैदिक धर्म’ आणि मराठीत ‘पुरुषार्थ’ ही मासिके काढली, घरबसल्या संस्कृत शिकता यावे म्हणून पाठमाला लिहिली. याच कामाच्या जोडीने त्यांची योगविषयक पुस्तके निघाली. त्यांचे विषय पाहिले तरी त्यांची दृष्टी कळते : संध्योपासना, प्राणविद्या, ब्रह्मचर्य, योगसाधनेची तयारी, आसने आणि सूर्यभेदन व्यायाम.

या यादीत आसने एकटी नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पतंजलींच्या अष्टांगांत आसन तिसरे येते. यम आणि नियम त्याच्या आधी. आपण मात्र पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर उडी घेतो आणि पाय मुरगळला की योगाला दोष देतो. पाच नियमांत शौच, संतोष, तप, ईश्वरप्रणिधान यांच्याबरोबर स्वाध्यायही आहे. पंडितजींच्या मंडळाचे नावही तेच होते. ग्रंथ उघडून अर्थ समजून घेणे हाही योगाभ्यासाचाच भाग आहे, ही गोष्ट त्या नावातच आली.

सूर्यनमस्काराचेच उदाहरण घ्या. शरीराने पाहिले तर तो पाठ, पोट, खांदे आणि पाय यांना एकत्र राबवणारा व्यायाम. श्वासाने पाहिले तर प्रत्येक स्थितीला पूरक, कुंभक वा रेचक जोडलेला. आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावे उच्चारीत घातला, अर्थ मनात धरला, की तीच उपासना. हालचाल एकच, पण ती तीन पातळ्यांवर चालते. यातील दोन पातळ्या वगळून उरते ती नुसती कवायत.

आहाराचेही असेच. पंडितजींनी ज्या गीतेवर ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका लिहिली, तिच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. सतराव्यात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद आहेत. हठयोगाचे ग्रंथ तर पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायला सांगतात. यासाठी खर्चिक पथ्य नको, प्रमाण आणि वेळ सांभाळली म्हणजे झाले. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटांवर भागवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा उपदेश सोपा वाटतो, पण पचत नाही!

या साधनेची कसोटी १९४८ साली लागली. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. त्या वातावरणात तीस वर्षांचे औंध सोडून, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, पंडितजी गुजरातेतील पारडीला गेले. ज्या वयात माणूस काठी शोधतो, त्या वयात त्यांनी स्वाध्याय मंडळ नव्याने उभे केले. तेथेही वेदांचे काम चालू राहिले. १९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, ते निवर्तले.

योगामुळेच ते शंभर वर्षे जगले, असे एका माणसाच्या उदाहरणावरून सिद्ध करता येणार नाही. तसा दावा करणे अशास्त्रीय होईल. परंतु कर्म करीत करीत शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी, असे ईशोपनिषद सांगते. त्यातील भर वर्षांवर नसून कर्मावर आहे. हैदराबाद, लाहोर, औंध अशी तीन वेळा मांडलेली घडी मोडूनही पंडितजींचे काम थांबले नाही, आणि त्यांचे सर्वांत मोठे काम पन्नाशीनंतरचे आहे. योगाने त्यांना काय दिले याचा जमाखर्च इथे पाहावा.

विद्यार्थीमित्रांनो, रोज बारा नमस्कार, भूक पाहून जेवण आणि एखाद्या चांगल्या ग्रंथाचे एक पान, एवढी ठेव आपल्यापैकी कोणालाही परवडेल. चक्रवाढ व्याजाचे गणित आपण शिकलोच आहोत. ते इथेही लागू करून पाहावे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)