बटाट्याच्या ‘बांगडी’चा जिवाणू शोधणारे अर्विन स्मिथ

बटाट्याचे हिरवेगार झाड एकाएकी मान टाकते. पाने पिवळीही न पडता कोमेजतात आणि काही दिवसांत झाड मरते. बटाटा कापला तर सालीच्या आत तपकिरी कडे दिसते आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका चिकट द्रव पाझरतो. या कड्यावरूनच आपल्याकडे रोगाला ‘बांगडी’ हे नाव पडले. पुणे जिल्ह्यात त्याची नोंद १८९२ मध्येच झाली होती. मात्र कारण ठाऊक नव्हते. ते चार वर्षांनी अमेरिकेत सापडले. शोधकाचे नाव होते अर्विन फ्रिंक स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म २१ जानेवारी १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील गिल्बर्ट मिल्स या खेड्यात झाला. पुढे कुटुंब मिशिगनमध्ये शेतीसाठी स्थलांतरित झाले. शेतीकामामुळे शाळा लांबली आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण झाले तेव्हा ते २६ वर्षांचे होते. पण त्यांचे वाचन थांबले नव्हते. वनस्पतींचे अभ्यासक चार्ल्स व्हीलर यांच्यासह त्यांनी मिशिगनमधील वनस्पतींची सूची तयार केली व ती १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. राज्याच्या आरोग्य मंडळात नोकरी करताना माणसांच्या साथींचा आणि नव्या जंतुशास्त्राचा त्यांना परिचय झाला. १८८६ मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी घेऊन ते अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले.

तेथे त्यांच्याकडे पहिले काम आले ते पीचच्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या ‘पिवळ्या’ रोगाचे. रोगट झाडाचा डोळा निरोगी झाडावर बांधल्यास रोग पसरतो, हे त्यांनी सिद्ध केले. पण अनेक वर्षे झटूनही रोगाचे कारण हाती लागले नाही. ते लागणेही शक्य नव्हते. अशा रोगांमागील पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्मजीव १९६७ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, जपानी शास्त्रज्ञांना दिसले. स्मिथ यांनी मात्र पुराव्याविना कोणत्याही जंतूवर आरोप ठेवला नाही. हाच काटेकोरपणा पुढे त्यांच्या कामी आला.

त्या काळी वनस्पतींचे रोग बुरशीमुळेच होतात, असा युरोपातील विद्वानांचा समज होता. इलिनॉयचे थॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमारास नासपतीच्या करपा रोगामागे जिवाणू असल्याचे दाखवले होते, तरी शंका फिटली नव्हती. स्मिथ यांनी आधी काकडीवर्गीय वेलींच्या मर रोगाचा जिवाणू ओळखला आणि मग ते टोमॅटो, वांगे व बटाट्याकडे वळले. रॉबर्ट कॉख यांनी माणसांच्या व जनावरांच्या रोगांसाठी घालून दिलेली कसोटी त्यांनी येथे लावली. रोगट झाडातून जिवाणू वेगळा करायचा, तो शुद्ध स्वरूपात वाढवायचा, सुईच्या टोकाने निरोगी झाडात टोचायचा, तोच रोग उद्भवतो का ते पाहायचे आणि त्या झाडातून तोच जिवाणू पुन्हा मिळवायचा. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांत हे जिवाणू दाटतात, म्हणून ओल असतानाही झाड सुकते, हे स्पष्ट झाले. १८९६ मध्ये कृषी खात्याच्या पुस्तिकेतून त्यांनी या जिवाणूचे वर्णन ‘बॅसिलस सोलॅनॅसिएरम’ या नावाने केले.

दुसऱ्याच वर्षी वाद पेटला. जर्मनीतील लाइपझिगचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांनी आपल्या ग्रंथात जिवाणूजन्य वनस्पतिरोगांचे अस्तित्वच नाकारले. मेलेल्या पेशींत मागाहून शिरलेल्या जंतूंनाच अमेरिकन संशोधक रोगाचे कारण समजतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो मान्य झाला असता तर स्मिथ यांचे काम तर बुडालेच असते. शिवाय शेतकरी भलत्याच कारणावर उपाय शोधत राहिले असते. जर्मन भाषा अवगत असलेल्या स्मिथ यांनी जर्मन नियतकालिकातच उत्तरे दिली. १९०१ पर्यंत चाललेल्या या वादात त्यांनी प्रयोगांच्या नोंदी आणि जिवाणूंनी भरलेल्या वाहिन्यांची छायाचित्रे मांडली. प्रश्न निकालात निघाला.

वनस्पतिरोग व जिवाणू यांवरील त्यांचा त्रिखंडी ग्रंथ १९०५ ते १९१४ या काळात प्रसिद्ध झाला. १९०७ मध्ये टाउनसेंड यांच्यासह त्यांनी झाडांवर गाठी आणणारा जिवाणू ओळखला. त्या गाठींत मानवी कर्करोगाचे कोडे सुटेल ही त्यांची आशा फळली नाही. पण त्याच जिवाणूच्या साहाय्याने पुढे वनस्पतींत जनुके घालण्याचे तंत्र विकसित झाले. स्त्रियांना प्रयोगशाळेत क्वचितच प्रवेश मिळणाऱ्या त्या काळात स्मिथ यांनी वीसहून अधिक महिला शास्त्रज्ञांना काम दिले, हेही त्यांचे योगदान. ६ एप्रिल १९२७ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावावरून ‘अर्विनिया’ ही जिवाणूंची प्रजाती ओळखली जाते. बटाटा सडवणारे काही जिवाणू एकेकाळी तिच्यातच गणले जात. आज त्यांची वेगळी प्रजाती आहे. ‘बांगडी’चा जिवाणूही आता ‘राल्स्टोनिया’ म्हणून ओळखला जातो. २०२० मध्ये स्मिथ यांच्याच मिशिगनमधील एका हरितगृहात, आयात केलेल्या जिरॅनियमच्या रोपांत त्याचा घातक प्रकार आढळला आणि यंत्रणांची धावपळ उडाली. एकदा रोग जडलेले झाड वाचवणारे औषध अजूनही नाही. निरोगी बेणे, पिकांची फेरपालट आणि वेळीच निदान हीच शेतकऱ्याची ढाल आहे. त्या निदानाचा पाया स्मिथ यांनी घातला.