'सेल्फ'चा जनक आणि असमाधानी ग्राहक

मोटार सुरू करणाऱ्या विजेच्या यंत्राला आपल्याकडे सर्रास 'सेल्फ' म्हणतात. सेल्फ लागत नाही, सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही, सेल्फ गेला, या वाक्यांशी मोटारमालकांचा चांगलाच परिचय असतो. गाडी दोन-तीन वर्षे चालते न चालते तोच सेल्फ निकामी व्हावा, सर्व्हिस सेंटरने अख्खा संच बदलायला सांगावा आणि बिलाचा आकडा पाहून मालकाने कपाळाला हात लावावा, ही तक्रार जगभर ऐकू येते. ज्या माणसाने हे यंत्र मोटारीला बसवले, त्याच्या आयुष्याकडे पाहिले तर या तक्रारीचा बराचसा उलगडा होतो. त्यांचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल या गावाजवळच्या शेतावर २९ ऑगस्ट १८७६ रोजी केटरिंग यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, पण डोळ्यांच्या दुखण्याने शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत काम केले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी हाती पडली ती १९०४ मध्ये, म्हणजे जवळजवळ अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढील वर्षी ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवीनंतर डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत त्यांना नोकरी लागली. दुकानातील गल्ल्याचे हे यंत्र तोवर हाताने दांडा ओढून चालवावे लागे. ते विजेवर चालवण्याचे काम केटरिंग यांच्याकडे आले. गल्ल्याच्या पेटीत मोठी मोटर मावणार नव्हती आणि लहान मोटरला तेवढा जोर नव्हता. केटरिंग यांनी प्रश्नच उलटा करून पाहिला. गल्ल्याची मोटर दिवसभर चालणार नाही. ती क्षणभर जोर लावणार आणि मग थांबणार. मग लहानशा मोटरवर तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकायला काय हरकत आहे? ती तापेल खरी, पण जळण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असेल आणि पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत ती थंडही होईल. १९०६ मध्ये विजेवरचा गल्ला तयार झाला. मोटारीचा सेल्फ हा याच विचाराचा धाकटा भाऊ होय.

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून लोखंडी हँडल फिरवायचे. आपल्याकडे जुन्या अँबेसेडरला हँडल मारणारे चालक अनेकांनी पाहिले असतील. सुरुवातीच्या गाड्यांत हे काम नुसते कष्टाचे नव्हे, तर धोक्याचेही होते. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर आदळे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला अस्थिरोगतज्ज्ञ आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणजे चालकाचे फ्रॅक्चर म्हणतात, ते यामुळेच. एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडलचा तडाखा जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यातच बायरन कार्टर हे मोटार उत्पादक दगावले, अशी कथा सांगितली जाते. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड हे कार्टर यांचे मित्र. गाडी कॅडिलॅकचीच होती, म्हणून लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, असा या कथेचा शेवट आहे. कथेतील प्रसंग बहुधा १९१० च्या हिवाळ्यातला म्हणून रंगवला जातो, प्रत्यक्षात कार्टर १९०८ मध्येच निवर्तले होते. तेव्हा तपशिलांवर फार विसंबू नये. लेलँड यांना हँडलपासून सुटका हवी होती आणि ते काम केटरिंग यांच्याकडे आले, एवढे मात्र नक्की.

केटरिंग यांनी तोवर कॅश रजिस्टरची नोकरी सोडली होती. सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात काही मंडळी जमून मोटारींसाठी विजेची उपकरणे बनवीत. त्यातूनच १९०९ मध्ये 'डेल्को' ही कंपनी उभी राहिली. मोटारीचे इंजिन विजेने फिरवायचे तर गाडीएवढी मोटर आणि तेवढीच बॅटरी लागेल, असे जाणकार त्या वेळी म्हणत. त्यांचे गणित चुकीचे नव्हते, पण ते अखंड चालणाऱ्या मोटरचे होते. केटरिंग यांनी क्षणभर जोर लावणारी मोटर घेतली आणि दंतचक्रांच्या मदतीने तिचा जोर वाढवला. इंजिन सुरू झाले की हेच यंत्र डायनमो बनून बॅटरी भरू लागे. सुरू करताना २४ व्होल्ट, भरताना ६ व्होल्ट अशी ती जोडणी होती. फेब्रुवारी १९११ मध्ये हा सेल्फ कॅडिलॅकवर यशस्वी झाला आणि १९१२ च्या मॉडेलबरोबर तो बाजारात आला. १९१५ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला सेल्फ मिळायला १९१९ उजाडले. हँडल गेल्याने मोटार चालवण्यासाठी पैलवानी मनगट लागेनासे झाले आणि शहरांतील स्त्रिया मोठ्या संख्येने पेट्रोलच्या गाडीकडे वळल्या. हँडल नको म्हणून विकत घेतल्या जाणाऱ्या विजेच्या मोटारींची मागणी ओसरण्याचे हेही एक कारण होते. त्या मोटारी पुन्हा रस्त्यावर दिसू लागायला पुढे जवळजवळ शतक जावे लागले.

या यशातच आजच्या तक्रारीचे मूळ आहे. सेल्फ हा मुळातच काही सेकंदांच्या बोलीवर काम करणारा गडी. घरातील छताच्या पंख्याला एक अँपिअरही प्रवाह लागत नाही; सेल्फ त्या काही क्षणांत शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणूनच एका वेळी पाच-दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडी उसंत द्यावी, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात कामाला उशीर झालेला मालक किल्ली धरूनच बसतो.

त्यातही खरा गुन्हेगार अनेकदा वेगळाच असतो. बॅटरी अशक्त झाली, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला किंवा अर्थिंगची पट्टी सैल झाली की सेल्फला पुरेसा दाब मिळत नाही. तो अडखळत फिरतो, सोलेनॉइड टक-टक वाजत राहतो आणि आतील तांब्याचे जोड ठिणग्यांनी जळतात. जे काम एका सेकंदात व्हायचे, ते दहा सेकंद रखडते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली किंवा इंजिनातील तेल सेल्फवर गळत राहिले, तर आयुष्य आणखी घटते. सेल्फ जळाला म्हणून नवा बसवायचा आणि बॅटरी व तारा तशाच ठेवायच्या, असा उपचार अनेक ठिकाणी होतो. मग काही महिन्यांत नवाही जातो आणि मालक कंपनीला दोष देत राहतो. सेल्फ बदलण्यापूर्वी सुरू करतानाचा बॅटरीचा दाब मोजून मागावा; त्याला फारसा वेळही लागत नाही.

पूर्वी ऑटो इलेक्ट्रिशियन सेल्फ खोलून कार्बन बदले, आर्मेचर घासून देई आणि गाडी थोडक्या खर्चात मार्गी लागे. तो अजूनही आहे, पण सर्व्हिस सेंटरमध्ये आता बहुधा पूर्ण संचच बदलला जातो. झिजलेला चिमुकला कार्बन सापडला तरी बिल संपूर्ण यंत्राचे येते. दुरुस्ती स्वस्त असूनही ती उपलब्ध नसणे, ही मालकाची तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

केटरिंग यांना अशा तक्रारीबद्दल काय वाटले असते? १९१६ मध्ये डेल्को विकली गेली आणि दोन वर्षांनी ती जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० ते १९४७ अशी सत्तावीस वर्षे केटरिंग त्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. १९२९ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. ग्राहकाला असमाधानी ठेवणे हेच उद्योगाचे काम आहे, असा त्यातील विचार होता. सगळेच आपल्या जुन्या वस्तूवर समाधानी राहिले तर नवी कोणी घेणार नाही आणि कारखाने थंडावतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. वस्तू लवकर मोडावी असे त्यांना म्हणायचे नव्हते. अधिक चांगली वस्तू पाहून जुनी फिकी वाटावी, एवढेच अभिप्रेत होते. मात्र दरवर्षी नवे मॉडेल आणण्याची जी रीत त्या कंपनीत रुजली, तिला या विचाराचे पाठबळ मिळाले. जुनी गाडी दुरुस्त होण्यापेक्षा नवी विकली जाणे ज्या व्यवस्थेला सोयीचे, तिथे चिमुकल्या कार्बनची पर्वा कोण करणार?

फसलेल्या प्रयोगाची किंमत मात्र एकदा त्यांच्या कंपनीनेच मोजली होती. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांवरून वाहणाऱ्या हवेने थंड होणारे शेव्हरले गाडीचे इंजिन हे केटरिंग यांचे लाडके अपत्य. १९२३ मध्ये अशा सुमारे साडेसातशे गाड्या बनल्या आणि शंभराच्या आसपास ग्राहकांच्या हाती पडल्या. त्या तापू लागताच कंपनीने सगळ्या परत मागवल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही.

दुसऱ्या एका शोधाची किंमत मात्र साऱ्या जगाने मोजली. डेल्कोची विद्युत यंत्रणा बसलेल्या गाड्यांची इंजिने खडखडतात, अशी कुरबुर सुरू झाली होती. दोष आपल्या यंत्रणेचा नसून इंधनाचा आहे, हे सिद्ध करण्याच्या हट्टातून केटरिंग यांनी संशोधन सुरू केले. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी उपाय सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की खडखड थांबे. अल्कोहोलनेही तेच साधते, हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होते. १९२४ मध्ये हे संयुग विकण्यासाठी कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथे शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. काही काळ विक्री थांबली, मग पुन्हा सुरू झाली. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबले. तोवर कित्येक पिढ्यांच्या मुलांच्या शरीरात शिसे गेले होते. केटरिंग यांच्या चरित्रांत सेल्फचे प्रकरण मोठे आणि हे प्रकरण लहान असते, हे काही बरोबर नाही.

त्यांच्या नावावर १८६ पेटंटे जमा आहेत. आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांच्या नावाने १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह यांना कर्करोगाने हिरावून नेले. डेटनजवळच्या ज्या गावात केटरिंग यांचे घर होते, त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव मिळाले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ब्याऐंशिव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९९३ च्या मॉडेलपासून कॅडिलॅकने नॉर्थस्टार नावाचे इंजिन आणले. त्यात सेल्फ बसवला होता इंजिनाच्या दोन फळ्यांमधल्या खाचेत, हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या खाली. तो बदलायचा तर वरचा तो सारा भाग आधी उतरवावा लागे आणि त्याची मजुरी अर्थातच मालकाच्या बिलात लागे.