रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदहून पुण्या-मुंबईला कामाला गेलेली आपली माणसं निवांत फोन करतात ते रविवारी. पण ही सुट्टी काही आपोआप मिळालेली नाही. त्यामागं नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातल्या एका गरीब माळी कुटुंबातला. पुढं ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथं रोज पाहिले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, हक्काची सुट्टी नाही, पगाराची तारीख नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत ते होतेच. १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं आणि त्यात गिरणीतल्या माणसाची बाजू मांडली.

१८८४ साली त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ काढली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या साध्याच होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पगार.

मालक लवकर बधले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन कामगार बायांनीही तिथं भाषण केलं. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

मुंबईत प्लेग आला, तेव्हा लोखंडे रुग्णांच्या मदतीला धावले. त्याच प्लेगनं ९ फेब्रुवारी १८९७ ला त्यांना नेलं. २००५ साली त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं.

आता आपल्याकडचं बघा. घरकामगारांसाठी कर्नाटकानं २००४ मध्ये किमान वेतन ठरवलं, महाराष्ट्रानं २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी मागताना आजही जीव मुठीत धरावा लागतो. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात.

एकट्या बाईचं कुणी ऐकत नाही. लोखंड्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आधी सह्या गोळा केल्या.